वरचा बाण, एंटर... आणि वाट लागली!

शुक्रवारची संध्याकाळ. घड्याळात सव्वासहा. ऑफिसातली अर्धी जनता वीकेंडच्या मूडमध्ये, उरलेली अर्धी कॅबच्या रांगेत. माझी रूममेट मात्र बॅग पाठीला लावूनच खुर्चीच्या टोकावर बसलेली. आठची सोलापूरची बस होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीची पंचाहत्तरी. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं ठरलेलं, आणि तबक धरायचा मान हिचा. आता फक्त एकदा टेस्ट्स चालवायच्या, सगळं हिरवं दिसलं की लॅपटॉप बंद आणि पोरगी पसार!

जे कोड लिहीत नाहीत त्यांच्यासाठी एक मिनिट थांबते (मी स्वतः मास कॉमवाली, त्यामुळे तुमचं दुःख मला कळतं). प्रोग्रॅमर मंडळींच्या स्क्रीनवर ती जी काळी खिडकी असते ना, सिनेमातले हॅकर जिच्याकडे बघून उगाच घाम पुसतात, ती म्हणजे टर्मिनल. तिथं कमांड टाइप करायची, एंटर मारायचा, काम होतं. तीच कमांड पुन्हा हवी असेल तर टाइप करायची गरज नाही. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबायचा, की आधीच्या कमांड्स एकेक करून परत येतात. जाम सोय! माझ्या रूममेटच्या बोटांना तर पाठच होतं. तीनदा वरचा बाण, एक एंटर, की टेस्ट्स सुरू.

त्या दिवशी झोल असा झाला, की सकाळी तिने स्वतःच्या मशीनवरचा डेटाबेस पुसून नवा करायची कमांड दिली होती. मग एक बग बघायला आपला प्रोजेक्ट टीमच्या सामाईक टेस्टिंग डेटाबेसला जोडला. मग सर्व्हर सुरू केला. संध्याकाळी बोटांनी सवयीने तीनदा बाण दाबला, एंटर मारला... आणि तिसऱ्या जागी आज टेस्ट्सची कमांड नव्हतीच. तिथं डेटाबेस पुसायची कमांड होती.

चार सेकंद. दोन टेस्टर्सनी दिवसभर बसून भरलेला डेटा साफ!

आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचली. तो परत चढवून, दिवसभराच्या नोंदी त्या दोघांच्या शेजारी बसून पुन्हा भरून ती निघाली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. सकाळी सहाची बस पकडून सोलापूरला पोचली तेव्हा दुपारचे बारा. दिवे ओवाळून झाले होते. तबक मामेबहिणीने धरलं. आजी काही बोलली नाही, फक्त म्हणाली, ‘‘काम होतं व्हय गं?’’ रूममेट मला सांगते, त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

तर मंडळी, आजचा विषय हा! रोज त्याच त्या कमांड्स हाताने मारणं, त्यातून होणारा लोच्या, आणि त्या एडिटरच्याच अंगावर टाकून मोकळं होण्याचा फंडा.

सोमवारी ती ऑफिसला गेली तीच पोटात गोळा घेऊन. तिचा टीम लीड (वयाने मोठा, सगळे त्याला दादा म्हणतात) लेक्चर देणार याची खात्री होती. दादाने दिला चहा. आणि एक कोरा कागद.

‘‘आठवडाभर जी जी कमांड मारशील, ती यावर लिही. परत मारलीस की शेजारी रेघ ओढ,’’ तो म्हणाला.

‘‘दादा, सगळ्या?’’

‘‘सगळ्या. अगदी फोल्डर बदलायची पण.’’

आठवड्याने कागद बघून ती स्वतःच चाट पडली. तिला वाटत होतं आपण दिवसभर डोकं चालवतो. कागद सांगत होता, आपण दिवसभर तीच टेप वाजवतो! टीमच्या कोडमधले नवे बदल खाली आणा, लागणारी पॅकेजेस इन्स्टॉल करा, लिखाणातल्या चुका तपासा, टेस्ट्स चालवा, बिल्ड करा, सर्व्हर सुरू करा. सहा कमांड्सची ही गाडी दिवसाला सरासरी नऊ वेळा. म्हणजे चोपन्न कमांड्स. आठवून, टाइप करून, चुकली तर खोडून, एका कमांडला पंधरा सेकंद धरा. दिवसाचे साडेतेरा मिनिटं. वर्षाचे कामाचे २४० दिवस धरले तर ५४ तास. एका आठवड्याच्या नोकरीपेक्षा जास्त वेळ नुसता तेच ते बडवण्यात!

मी हा हिशेब ऐकून ‘बापरे’ म्हटलं. दादाने मात्र तो बाजूला ठेवायला लावला. म्हणाला, ‘‘५४ तास वाचवायला आपण हे करत नाही. तेवढा वेळ तू रील्स बघण्यात घालवतेस. आपण हे त्या एका शुक्रवारसाठी करतोय.’’

मला हे एकदम पटलं. माणूस कंटाळला की बोटं काम करतात आणि डोकं बसस्टॉपवर पोचलेलं असतं. चूक तिथंच होते. आणि हा वैताग काही आजकालचा नाही बरं का!

१९७६ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन नावाचा एक प्रोग्रॅमर होता. एक दिवस त्याचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन तणतणत त्याच्या केबिनमध्ये शिरला. हा जॉन्सन म्हणजे ‘याक’ हे गाजलेलं टूल लिहिणारा माणूस, कच्चा खेळाडू नव्हे. त्याची पूर्ण सकाळ एक बग शोधण्यात गेली होती. शेवटी कळलं काय, तर प्रोग्रॅम बरोबरच होता! चूक आधीच दुरुस्त केलेली, पण ती फाईल नव्याने कंपाइल करायची राहून गेली होती. फेल्डमनने आदल्याच संध्याकाळी असाच त्रास काढला होता. त्याने वीकेंडला बसून एक छोटं टूल लिहायला घेतलं. त्याचं नाव ‘मेक’.

‘मेक’चं काम सोपं. कुठली फाईल कशावर अवलंबून आहे आणि ती तयार करायला कुठली कमांड लागते, हे एकदा एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं. मग ‘मेक’ फाईलींच्या वेळा बघतं, ज्यात बदल झालाय तेवढंच पुन्हा तयार करतं. लक्षात ठेवायची जबाबदारी माणसाकडून मशीनकडे! या कामासाठी फेल्डमनला २००३ सालचा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. ‘मेक’ आजही जगभर चालतं. त्याची एक गंमत म्हणजे त्या फाईलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस दिलीत तर रुसतं. हे विचित्र आहे हे फेल्डमनला लवकरच उमगलं होतं. पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, ते वापरू लागले होते आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून त्याने बदललं नाही. डझनभर मित्रांची सोय, आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या डोक्याला शॉट!

एडिटरवाल्यांनाही ही खाज जुनीच. ‘ईमॅक्स’ हा प्रसिद्ध एडिटर सुरू झाला तोही १९७६ मध्येच, टेको नावाच्या दुसऱ्या एडिटरसाठी लिहिलेल्या मॅक्रोंचा संच म्हणून. त्याच्या नावातही ‘एडिटर मॅक्रोज’च दडलेत. मॅक्रो म्हणजे काय, तर एकदा केलेली कृती नोंदवून ठेवायची आणि एका कीवर पुन्हा वाजवायची.

आता येऊ आजच्या एडिटरकडे. माझी रूममेट वापरते ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’, लाडाने व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला, फुकट, आणि तुमच्या शेजारच्या क्यूबिकलमध्येही बहुतेक हाच उघडा असेल. यात ‘टास्क’ नावाची सोय आहे. कित्येक जण वर्षानुवर्षं एडिटर वापरतात आणि हिच्याकडे बघतही नाहीत. माझ्या रूममेटने तरी कुठं बघितलं होतं!

फंडा असा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘डॉट व्हीएसकोड’ नावाचं छोटं फोल्डर असतं. त्यात ‘टास्क्स डॉट जेसन’ नावाची फाईल ठेवायची. या फाईलमध्ये एकेका कामाची कुंडली लिहायची. ‘लेबल’ म्हणजे कामाचं नाव, ‘कमांड’ म्हणजे टर्मिनलमध्ये जे टाइप केलं असतं ते. झालं पहिलं टास्क! ते चालवायला टर्मिनल मेनूमधून ‘रन टास्क’ निवडायचं, नावांची यादी समोर येते, हवं त्यावर टिचकी. एखाद्या कामाला ‘डीफॉल्ट बिल्ड टास्क’ करून ठेवलंत तर कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की तेच सुटतं. (मॅकवाल्यांनी कंट्रोलच्या जागी कमांड.) बाकीच्या टास्क्सनाही हवा तो शॉर्टकट बांधता येतो.

खरी मजा पुढे. एका टास्कला ‘डिपेंड्सऑन’ लिहून सांगता येतं की बाबा रे, तुझ्याआधी ही चार कामं झाली पाहिजेत. म्हणजे सहा डब्यांची आख्खी गाडी एका शिटीवर!

इथं रूममेटने पहिला धडा घेतला. तिने मोठ्या हौसेने गाडी जोडली, बटण दाबलं, आणि सगळी कामं एकाच वेळी सुटली. पॅकेजेस अजून उतरतच होती आणि इकडे टेस्ट्स ‘पॅकेज कुठंय, पॅकेज कुठंय’ करत लाल! ‘डिपेंड्सऑन’मध्ये लिहिलेली कामं आपणहून रांगेत उभी राहत नाहीत, ती बरोबरीने पळतात. रांग हवी असेल तर ‘डिपेंड्सऑर्डर’ लिहून त्यापुढे ‘सीक्वेन्स’ असं स्पष्ट सांगावं लागतं. मग मात्र गाडी शिस्तीत. मधला डबा घसरला तर पुढचं काही चालत नाही. टेस्ट्स लाल झाल्या तर बिल्ड होतच नाही. थकलेल्या माणसाचा ‘जाऊ दे, बघू नंतर’ हा पर्यायच बंद!

आणखी एक सोय तिला भारी आवडली, ती म्हणजे ‘प्रॉब्लेम मॅचर’. टर्मिनलमध्ये धडाधडा वाहत जाणाऱ्या ओळींमधून हा पठ्ठ्या चुका वेचतो आणि खाली वेगळी यादी लावून देतो. त्या चुकीवर क्लिक केलं की थेट त्या फाईलच्या त्या ओळीवर. आधी ती डोळे बारीक करून स्क्रोल करायची. चष्म्याचा नंबर काही उतरला नाही, पण चिडचिड उतरली.

आणि त्या डेटाबेस पुसणाऱ्या कमांडचं काय? मला वाटलं, तिलाही एक मस्त शॉर्टकट दिला असेल. दादाने नेमकं उलटं करायला लावलं. कागदावरच्या कमांड्सचे त्याने तीन ढीग केले. पहिला, रोजच्या आणि निरुपद्रवी. त्यांना शॉर्टकट. दुसरा, कधीमधी लागणाऱ्या आणि म्हणूनच विसरल्या जाणाऱ्या. त्यांना नुसतं नाव, यादीत शोधलं की सापडतील. तिसरा, धोक्याच्या. त्यांना शॉर्टकट नाही म्हणजे नाही! तिथं टास्कमध्ये ‘इनपुट्स’ची सोय वापरली. टास्क चालवलं की ते आधी थांबून विचारतं, कुठला डेटाबेस? यादीत आता एकच नाव आहे, तिच्या स्वतःच्या मशीनचं. सामाईक डेटाबेसचं नाव त्यात ठेवलेलंच नाही.

‘‘सोपं करायचं ते सोपं कर. अवघड राहायला हवं ते मुद्दाम अवघड ठेव,’’ दादा म्हणाला. मी हे डायरीत लिहून घेतलंय. शॉपिंग ॲप्सच्या बाबतीतही लागू पडतं!

आता थोडी दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई एडिटरची जाहिरात करतेय.

ती टास्क फाईल प्रोजेक्टसोबतच सगळ्यांना मिळते. त्यामुळे टीममध्ये नवा आलेला फ्रेशर पहिल्याच दिवशी एक बटण दाबून कामाला लागला. सगळे खूश. तीन आठवड्यांनी एका सकाळी गाडी मध्येच थांबली आणि साहेब गप्प बसलेले. सहापैकी कुठलं काम अडलं, ते काय करतं, हाताने कसं चालवायचं, काहीच माहीत नाही. त्याने आयुष्यात फक्त शिटी वाजवली होती, इंजिन बघितलंच नव्हतं. तेव्हापासून टीमचा नियम झालाय. नव्या माणसाने पहिला आठवडा सगळ्या कमांड्स हाताने मारायच्या. कंटाळा आला, की मग टास्क. कंटाळा यायला आधी काम यायला लागतं ना!

माझीही एक फजिती सांगते. रूममेटचं बघून मी हा कॉलम त्याच एडिटरमध्ये लिहायला लागले. मोठ्या रुबाबात टास्क केलं. बटण दाबलं की लेखाची कॉपी बॅकअप फोल्डरमध्ये. महिनाभर मस्त चाललं. एका रात्री चुकून सगळा मजकूर सिलेक्ट केला, एक की दाबली, पान कोरं झालं. ते न बघताच सवयीने सेव्ह केलं आणि बॅकअपचं बटण दाबलं. टास्कने माझी आज्ञा शिरसावंद्य मानली. चांगल्या बॅकअपवर कोरी फाईल चढवली! लॅपटॉपही तसाच बंद करून झोपले. सकाळी उघडला तर ‘अनडू’लाही पत्ता नाही. आठशे शब्द पुन्हा लिहिले, आणि संपादकांना ‘तब्येत बरी नव्हती’ सांगितलं. (सॉरी सर, आज खरं सांगितलं.) आता माझं टास्क प्रत्येक कॉपीच्या नावात तारीख आणि वेळ घालतं. जुन्यावर नवं चढतच नाही. मशीन बरोबर काम जितक्या इमानदारीने करतं, तितक्याच इमानदारीने आपला गाढवपणाही करतं.

आणि जे सध्या नोकरी बदलायच्या मूडमध्ये आहेत त्यांनी हे नीट वाचा. टास्कला असंही सांगता येतं, की फोल्डर उघडल्या उघडल्या आपोआप चालू हो. सोय म्हणून छान. पण याचाच गैरफायदा घेतला जातो. ‘आमच्याकडे जागा आहे, हा छोटा प्रोजेक्ट सोडवून दाखवा’ म्हणून रिक्रूटरच्या वेषात कोणीतरी फोल्डर पाठवतं, त्यात असं टास्क दडवलेलं असतं. अशी प्रकरणं सुरक्षा संशोधकांनी उघड केली आहेत. अनोळखी फोल्डर उघडताना ‘हे लिहिणाऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का’ असा प्रश्न व्हीएस कोड २०२१ पासून विचारतो. आपण काय करतो? न वाचता ‘येस’! पॅकेज डबल मिळणार या आनंदात तर नक्कीच. तेव्हा आधी ‘नो’ म्हणा. फाईली नुसत्या वाचता येतात. ती टास्क फाईल उघडून बघा, मगच काय ते ठरवा.

‘‘पण हल्ली हे सगळं एआयच लिहून देतं की!’’ असं एव्हाना कोणीतरी म्हटलंच असेल. देतं ना, मिनिटात देतं. रूममेटही आता नव्या टास्कचा कच्चा खर्डा त्याच्याकडूनच घेते. पण प्रत्येक कमांड वाचून, एकदा हाताने चालवून मगच फाईलमध्ये टाकते. कारण एंटर कोणीही मारला तरी डेटाबेस तितक्याच वेगाने पुसला जातो, आणि सोमवारी उत्तर द्यायला एआय येत नाही.

मग करायची सुरुवात? त्या दादाचाच कोर्स घ्या, फी एक कागद. आठवडाभर रेघा ओढा. सगळ्यात जास्त रेघा असलेली एकच कमांड घ्या, तिचं टास्क करा. आख्खी गाडी पहिल्याच दिवशी जोडायला जाऊ नका, शनिवार-रविवार कुंडल्या लिहिण्यात जाईल आणि कमांड दोन सेकंदांची निघेल. जे रोज करता, जे तुम्हाला नीट येतं आणि जे चुकलं तर महागात पडतं, ते आधी.

रूममेटची टेस्ट्सची गाडी आता एका शॉर्टकटवर चालते. वरचा बाण ती अजूनही वापरते, सवय कुठं सुटते! फक्त एंटरआधी ओळ वाचते. गेल्या महिन्यात शुक्रवारी सहा वाजता तिने बटण दाबलं, सगळं हिरवं झालं, आणि साडेसहाला ती स्वारगेटच्या वाटेवर होती. सोलापुरात पोचली तेव्हा आजी जागी होती. पंचाहत्तरीचं तबक पुन्हा काढायला लावून हिने तिला ओवाळलं. दिवे पाचच होते, रात्री एक वाजता एवढेच सापडले. आजी म्हणाली, ‘‘आज काम नव्हतं व्हय?’’

‘‘होतं की आजी. झालं.’’